एक कान, दोन कार्डे

दसरा उलटला की आमच्या धारूरच्या बाजारात दोन दुकानांपुढे गर्दी लोटते. एक कोयत्यांना धार लावून देणाऱ्या लोहाराचे आणि दुसरे मोबाईलवाल्याचे. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरची मंडळी साखर कारखान्यांकडे निघण्याच्या तयारीत असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्ची पडलेली असते. उरल्यासुरल्या पैशांतून दोनच गोष्टींची खात्री करून घ्यायची असते : कोयता चालला पाहिजे आणि फोन लागला पाहिजे.

मोबाईलचे दुकान माझ्या पुतण्याचे. मी टेलिफोन खात्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. सकाळचा चहा झाला की त्याच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसतो. गिऱ्हाइकांशी बोलणे होते आणि दिवस सीताफळांचे असल्यामुळे चार सीताफळेही पदरात पडतात. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे पाहुण्याला ऐकवल्याशिवाय आम्ही त्याला एसटीत बसू देत नाही.) तेथे बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. येणारा गडी फोनचा कॅमेरा किती मोठा, हे विचारत नाही. तो विचारतो, "दोन कारडं बसत्यात ना यात?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्याही फोनात दोन कार्डे असतात. एक कचेरीचे, एक घरचे. कचेरीचे रविवारी बंद ठेवता येते, एवढाच त्याचा मोठा उपयोग. आमच्याकडच्या ऊसतोड कामगाराचे गणित निराळे आहे. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे 'एक कोयता' म्हणतात. असे कोयते दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले मागे वाडीवर राहतात. वाडी डोंगराच्या कुशीत. तिथे एकाच कंपनीची रेंज येते, तीही पिंपळाच्या पारावर उभे राहिले तर. उसाच्या फडात निराळ्याच कंपनीची रेंज. म्हणून एक कार्ड वाडीचे, एक फडाचे.

पूर्वी याला दुसरेही कारण होते. टेलिफोनच्या हिशेबात आपल्या देशाची मंडळे पाडलेली आहेत. मुंबईचे मंडळ वेगळे, उरलेल्या महाराष्ट्राचे व गोव्याचे मिळून वेगळे, कर्नाटकाचे वेगळे. बीडचे कार्ड घेऊन माणूस बागलकोटला गेला की तो 'रोमिंग'मध्ये गेला. म्हणजे घरून आलेला फोन नुसता उचलला तरी त्याच्याच खिशातून पैसे जायचे. त्यावर उपाय म्हणून तिकडचे एक कार्ड घ्यायचे. हा रोमिंगचा भुर्दंड २०१६-१७ च्या सुमारास उठला. पण दोन कार्डांची सवय राहिली, आणि रेंजचे दुखणे तर डोंगराइतकेच जुने.

गेल्या वर्षी एक बाई दुकानात आल्या. वय पस्तिशीचे असेल. फोन काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "काका, आमचा फोन कधी बंद नसतो. मग लेकीला तो बंद कसा लागतो, ते सांगा."

हकीकत अशी होती. नवरा-बायको बागलकोटकडे तोडीला गेलेले. मुलगी दहावीत, वाडीवर आजीपाशी. थंडीतल्या एका रात्री आजीला धाप लागली. मुलीने वडिलांना फोन लावला. एकदा नव्हे, चारदा. चारही वेळा ध्वनिमुद्रित आवाजाने तेच सांगितले की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. शेवटी पोरीने शेजाऱ्यांना उठवले, जीप मिळवली आणि आजीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेले. आजी वाचली. पण त्या वेळी वडील कुठे होते? कोपीच्या दारात बसून, रात्री ट्रॅक्टर किती वाजता भरायचा याविषयी मुकादमाशी बोलत होते. त्याच फोनवर, दुसऱ्या कार्डावरून! रेंज पुरेपूर होती, बॅटरी होती, पैसे भरलेले होते.

"पोरगी आठ दिवस बापाशी बोलली न्हाई," बाई म्हणाल्या. "तिला वाटतं, यांनी मुद्दाम बंद ठिवला. किती सांगितलं तरी तिच्या मनातलं जाईना."

मी पुतण्याला दोन फोन काढायला लावले. बाईंच्या फोनवर एका कार्डावर कॉल लावून तो चालू ठेवला आणि माझ्या फोनवरून त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाला फिरवला. तोच ध्वनिमुद्रित आवाज, तेच वाक्य. फोन हातभर अंतरावर काउंटरवर होता आणि कंपनी सांगत होती की तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. बाईंनी ते वाक्य दोनदा ऐकले. मग मुलीला ऐकवायचे म्हणून तो सगळा प्रयोग पुन्हा करायला लावून तो आपल्या दिराच्या फोनवर टिपून घेतला.

आता यातली मेख सांगतो. तुमच्या-आमच्या हातातल्या साधारण फोनात कार्डे दोन असली, तरी मनोऱ्याशी बोलणारे रेडिओयंत्र एकच असते. दोन दारांचे घर, पण माणूस एकटा. कोणीच बोलत नसते तेव्हा हा माणूस दोन्ही दारे सांभाळतो. एका कार्डावर संभाषण सुरू झाले की दुसऱ्या दाराकडे पाहणारे कोणी उरत नाही. दोन यंत्रे बसवलेले फोन निघाले आहेत, नाही असे नाही. पण ती किमतीला जड आणि बॅटरीलाही. ज्याच्या कोपीत वीज नाही आणि फोन चार्ज करायला जो शेतमालकाच्या ओसरीवर जातो, त्याला ते कुठून परवडणार?

आणि नुसता पडून असलेला फोन काय करतो? तो डुलक्या घेत असतो. सतत जागा राहिला तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. म्हणून ठरलेल्या क्षणी तो निमिषभर डोळे उघडतो, मनोऱ्याने आपले नाव पुकारले का ते ऐकतो, आणि पुन्हा झोपतो. ४जी जाळ्यात हा फेरा बहुधा १.२८ सेकंदांचा असतो. कोणत्या फोनने कोणत्या क्षणी जागे व्हायचे, हे त्याच्या कार्डावरच्या क्रमांकावरून गणित करून ठरते. म्हणजे सगळे फोन एकदम जागे होऊन गलका करत नाहीत.

हे समजायला आपल्या खेड्यातला कोतवाल उत्तम. समजा, शिवेवर राहणाऱ्या एका शेतकऱ्याची जमीन दोन गावांत आहे. दोन्ही गावांचे कोतवाल ठरल्या वेळी दवंडी पिटतात. वेळा वेगळ्या असल्या तर तो एक दवंडी इकडे ऐकेल, एक तिकडे. पण दोन्ही कोतवालांची वेळ एकच निघाली तर? मग तो रोज एकच दवंडी ऐकणार आणि दुसऱ्या गावची रोज चुकणार. आज चुकली तर उद्या ऐकू येईल अशी आशाही नाही, कारण दोघांची घड्याळे सारखीच चालतात. दोन कार्डांच्या फोनात नेमके हे होऊ शकते. कोणी बोलत नाही, काही नाही, तरी एका कार्डावरचे बोलावणे चुकत राहते, आणि माणूस म्हणतो, 'या कार्डाला काहीतरी झालंय.'

पण बाईंच्या फोनाची गोष्ट यापेक्षा जरा वेगळी. तिथे शेतकरी एका गावच्या चावडीत बोलत बसला होता आणि दुसऱ्या गावचा कोतवाल ओरडून ओरडून दमला. त्या कोतवालाला कोणी कळवलेच नव्हते की गडी चावडीत आहे. तो बापडा आधी शेतकऱ्याच्या आळीत ओरडला, मग साऱ्या गावात, मग आसपासच्या वाड्यांतही. टेलिफोनचे जाळेही तेच करते. फोन आधी जिथे दिसला होता त्या मनोऱ्यावरून हाक मारते, उत्तर नाही आले तर भोवतालच्या मनोऱ्यांवरून. या हाका हवेतूनच जातात, आणि हवेतली जागा मोजकी असते. एका माणसाला शोधण्यात ती वाया गेली की दुसऱ्यांच्या वाट्याची कमी होते. इतके करून उत्तर आले नाही म्हणजे जाळे आपला निष्कर्ष काढते : माणूस संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. कंपनी खोटे बोलत नव्हती हो! तिला ठाऊकच नव्हते.

ठाऊक नव्हते ते का, हा खरा मौजेचा भाग आहे. आपल्या फोनवर *#०६# दाबून पाहा. पडद्यावर पंधरा-पंधरा आकडी दोन क्रमांक उमटतील. फोन एक, पण जाळ्याच्या दप्तरी त्याची नोंद दोन फोन म्हणून! एका कार्डाच्या कंपनीला एक फोन दिसतो, दुसऱ्या कार्डाच्या कंपनीला दुसरा. दोघेही एकाच खिशात, एकाच बॅटरीवर जगतात, याचा दोघींनाही पत्ता नाही. दोन कार्डांचा फोन ही मुळात जाळ्यांच्या नकळत केलेली युक्तीच आहे.

ती युक्ती काढली तरी कोणी? फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीने असा फोन २००० सालच्या सुमारास बाजारात आणला होता, पण श्रीमंत देशांत त्याचे फारसे कौतुक झाले नाही. ज्याला बिल परवडते त्याला दुसरे कार्ड कशाला हवे? त्या युक्तीला बरकत आली ती आपल्याकडे. भारतात पहिला मोबाईल संवाद झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. त्या काळी बोलणे मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन मोफत झाले आणि मोबाईल सामान्य माणसाच्या हाती आला. पुढे तैवानच्या मीडियाटेक कंपनीच्या स्वस्त चिपा घेऊन मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांनी २००८ नंतर दोन कार्डांचे फोन गावोगाव पोहोचवले. नोकियासारख्या बलाढ्य कंपनीला जाग यायला २०१० साल उजाडले. तोवर आमच्या आठवडी बाजारात दोन कार्डांचा फोन मेथीच्या जुडीशेजारी विकायला बसला होता.

मला मात्र या सगळ्यात आमच्या जुन्या एक्स्चेंजची आठवण होते. तालुक्याच्या गावी हाताने जोडण्याचे बोर्ड होते, साधा, अर्जंट आणि लायटनिंग अशा प्रतींचे ट्रंक कॉल होते, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याचा क्रमांक 'पी. पी.' म्हणून देत. सावकाशीचा कारभार होता, त्याचे गोडवे मी गाणार नाही. लग्नाचा निरोप पोहोचेपर्यंत वऱ्हाड परतलेले मी पाहिले आहे. पण आमच्या ऑपरेटरला एक गोष्ट येत असे. रात्री कोणी डॉक्टरांना फोन लावला तर तो सांगे, "डॉक्टरसाहेब घरी नाहीत, आत्ताच वकिलांकडे भजनाला गेलेत. तिकडे जोडून देऊ?" आणि डॉक्टर दुसऱ्या कोणाशी बोलत असले, तर मध्येच नम्रपणे सांगे, "साहेब, अर्जंट कॉल आलाय." माणूस कुठे आहे, कशात गुंतला आहे आणि बोलावणे किती निकडीचे आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात असत. यंत्रे आली, वेग हजारपट झाला, आणि नेमके हे तीन हिशेब गळाले.

ते परत आणायचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. मोबाईलचे जागतिक नियम थ्रीजीपीपी नावाची संस्था ठरवते. ती १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्या सात भागीदार संस्थांत भारताची टीएसडीएसआय हीही आहे. या संस्थेने २०२२ मध्ये पुऱ्या केलेल्या सतराव्या आवृत्तीत, एका फोनात अनेक कार्डे असतात, हे प्रथमच नीट गृहीत धरले. आता फोनला जाळ्याशी बोलायला शब्द मिळाले आहेत. दोन दवंड्यांची वेळ एकच पडत असेल, तर फोन एका जाळ्याला 'माझी वेळ बदलून द्या' असे म्हणू शकतो. दुसऱ्या कार्डावर जायचे असेल तर न सांगता पळण्याऐवजी 'जरा जाऊन येतो' असे सांगून निघू शकतो. हाक ऐकू आली पण येता येत नाही, तर 'कामात आहे' असा निरोप देऊ शकतो; म्हणजे कोतवाल दहा वाड्या पालथ्या घालणार नाही. आणि जाळेही हाक मारताना हे बोलावणे बोलण्यासाठी आहे की नुसत्या डेटासाठी, हे सांगू शकते. नातवाचा क्रिकेटचा सामना चालू असताना डेटाची हाक सोडून द्यावी आणि आजीची हाक घ्यावी, एवढे तारतम्य फोनला त्यामुळे येते. यात दोन कंपन्यांनी एकमेकींशी बोलण्याची गरज नाही, हे त्यातले शहाणपण. फोन दोघींशी वेगवेगळा बोलतो.

अर्थात हे नियम ऐच्छिक आहेत. फोनही नवा हवा आणि कंपनीनेही ती सोय चालू केलेली हवी. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला फोन जो माणूस रबर लावून वापरतो, त्याच्यापर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल. तोवर काय करायचे?

बाईंच्या फोनवर आम्ही जे केले ते कोणालाही करता येईल. फोनच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' असते. त्यात 'संपर्क होत नसल्यास' अशा अर्थाची एक निवड असते. पहिल्या कार्डाच्या त्या चौकटीत दुसऱ्या कार्डाचा क्रमांक घालायचा आणि दुसऱ्याच्या चौकटीत पहिल्याचा. 'कॉल वेटिंग' चालू ठेवायचे. मग मुकादमाशी बोलणे चालू असताना वाडीचा फोन आला, की जाळ्याला तो क्रमांक सापडत नाही, आणि ते कॉल दुसऱ्या कार्डाकडे वळवते. तिथे माणूस बोलतो आहेच, त्याच्या कानात टुकटुक वाजते. जाळ्याच्या अज्ञानाचाच असा उपयोग करून घ्यायचा. वळवलेल्या कॉलचा आकार वळवणाऱ्याच्या खात्यावर पडतो, तेव्हा आपल्या पॅकमध्ये तो बसतो का, हे आधी विचारून घ्यावे. एक मात्र बजावून सांगतो : हे काम स्वतःच्या हाताने करावे. फोनवरून कोणी अनोळखी माणूस 'अमुक आकडे दाबा' म्हणाला तर मुळीच दाबू नयेत. तुमचे कॉल आपल्याकडे वळवून बँकेचे गुप्त आकडे पळवणारे लोक याच वाटेने येतात.

काही नव्या फोनांत, एका कार्डाच्या डेटावरून दुसऱ्या कार्डाचा कॉल घेण्याची सोयही आली आहे. ती असेल तर फारच उत्तम.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि आमच्या दुकानात सर्वांत जास्त चर्चा त्याचीच होते. एके काळी दुसरे कार्ड फुकटात जिवंत राहायचे. दहा रुपये एकदा टाकले की येणारे फोन येत राहायचे. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्जची अट घातली आणि पुष्कळांनी दुसरे कार्ड टाकून दिले. जुलै २०२४ मध्ये दर पुन्हा वाढले. त्याच्या आधीच्याच महिन्यात, दोन कार्डे बाळगणाऱ्यांवर सरकार वेगळा आकार बसवणार, अशी आवई उठली होती. ट्राय या नियामक संस्थेने तिचा साफ इन्कार केला, तरी आमच्या पारावर ती दिवाळीपर्यंत टिकून होती. मग डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्यांचेच पॅक देणे बंधनकारक केले आणि पुढच्या महिन्यापासून ते मिळू लागले. ज्याला दुसरे कार्ड केवळ घरचा फोन ऐकण्यासाठी हवे, त्याला डेटाचे पैसे भरावे लागत नाहीत. हे पॅक दुकानदार आपण होऊन दाखवत नाही. माझा पुतण्याही दाखवत नसे. मागून घ्यावे लागतात.

तरीही हात आखडला की एक कार्ड सोडायची पाळी येते, आणि कोणते सोडायचे यावरून घरात वाद होतात. फडाचे कार्ड मुकादमाला हवे असते, म्हणून सोडले जाते ते बहुधा वाडीचे. नव्वद दिवस वापर झाला नाही तर कंपनी कार्ड बंद करू शकते, आणि काही काळाने तो क्रमांक दुसऱ्याच कोणाला मिळतो. आमच्या शेजारच्या वाडीवरच्या एका आजोबांचे असेच झाले. त्यांना मुलाचा एकच क्रमांक तोंडपाठ, तो मुलाने सोडून दिलेला. पुढे एकदा त्यांनी तो फिरवला, तर पलीकडे नाशिककडचे कोणी गृहस्थ. आजोबांना कमी ऐकू येते. त्यांनी "जेवलास का, ऊस किती राहिला" असे विचारायला सुरुवात केली. त्या भल्या माणसाने सगळे ऐकून घेतले, जेवलो म्हणून सांगितले, आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, नंबर चुकला बरं का." मुलाचा नवा क्रमांक आता आजोबांच्या खाटेजवळ भिंतीवर खडूने लिहिलेला आहे. पण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते नाशिकलाही फोन लावतात, आणि तिकडे द्राक्षे कशी आहेत ते विचारतात.